स्लॅबवरचा शुक्र

शुक्राची चांदणी ही लांबून बघायची वस्तू आहे. आकाशात सूर्य आणि चंद्र वगळले तर तिच्याइतकं झगझगीत दुसरं काही नाही, आणि दुर्बिणीत तिच्याइतकं कोरंही दुसरं काही नाही. शनीला कडी आहेत. गुरूला पट्टे आहेत, शिवाय चार चंद्र सोबतीला. मंगळाला निदान बदनामी तरी आहे. चंद्रावर नुसते खड्डे, त्यामुळे तो आमच्या तालुक्यातल्या माणसाला बघताक्षणी ओळखीचा वाटतो. शुक्राकडं दाखवण्यासारखं काही नाही. पांढरीफेक, बिनडागाची, अर्धी चकती. बस्स. आणि कवठे महांकाळमध्ये माणूस महांकालीच्या दर्शनालासुद्धा बाजारातली दोन कामं जोडून निघतो. त्याला जिना चढायला लावून एवढंच दाखवायचं म्हणजे जिवावर येतं.

तरी मी शुक्राचेच फोटो काढतो. रंगीत काचा लावून काढतो. ‘का?’ हा प्रश्न घरात निकालात निघालेला आहे, म्हणजे आता कुणी विचारत नाही.

दुर्बीण आठ इंची आरशाची. लाकडी बैठकीवर बसवलेली, हातानं ढकलायची. पुण्याहून ट्रान्सपोर्टनं आली तेव्हा गल्लीत बातमी पसरली की सरांनी बोअर मारायचं ठरवलंय आणि केसिंग पाइप आलीय. ती पाइप स्लॅबवर कशाला चढवली, याचा खुलासा मागायला पहिले आले ते शेजारचे तात्या. त्यांना मोठ्या हौसेनं शुक्र दाखवला.

“सर, ह्यो अर्धाच हाय की.”

“होय तात्या. सध्या अर्धाच आहे.”

“मग पुरा कवा हुतो?”

“पुरा होतो तेव्हा तो सूर्याच्या पलीकडं असतो. लांब गेलेला, बारीक झालेला. दिसतच नाही म्हणा ना.”

“आन मोठा कवा हुतो?”

“आपल्याजवळ येतो तेव्हा. पण तेव्हा त्याची नुसती कोर शिल्लक असते.”

तात्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला. “म्हंजी अनुदानच की. पुरं मंजूर हुतंय तवा दिसत न्हाय, आन हाताशी येतंय तवर कोर ऱ्हातीया.”

गॅलिलिओनं १६१० साली शुक्राच्या याच कला पाहिल्या आणि त्यावरून शुक्र सूर्याभोवती फिरतो हे ताडलं. तात्यांनी तेवढ्याच पुराव्यावर राज्य सरकारचा कारभार ताडला.

दुर्बिणीला डोळा लावणं हीही सोपी गोष्ट नाही. निम्म्या लोकांना एक डोळा मिटताच येत नाही. दुसरा मिटला की पहिलाही मिटतो, आणि दोन्ही डोळे मिटून माणूस म्हणतो, “व्हय, व्हय, दिसलं!” पुराणातल्या शुक्राचार्यांची या बाबतीत सोय होती. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला तेव्हा ते झारीच्या तोंडाशी जाऊन बसले, पाणी अडलं, वामनानं दर्भाची काडी घातली आणि एक डोळा कायमचा मिटला. झारीतले शुक्राचार्य आमच्या भागाला नवीन नाहीत. म्हैसाळच्या पाणी योजनेचं आवर्तन सुटलं सुटलं म्हणत कुठल्या तरी टप्प्यावर अडतं, कधी थकलेल्या वीजबिलापायी, कधी आणखी कशापायी, आणि मग वर्तमानपत्रात शुक्राचार्यांचा शोध सुरू होतो. त्यामुळे ‘शुक्र दिसतो का बघा’ असं मी म्हटलं की काही मंडळी आधी पाटबंधारे खात्याच्या दिशेनं बघतात.

आता शुक्र कोरा का, ते सांगायला हवं. आपण जे पांढरं बघतो ते त्याचे ढग. जमीन दिसतच नाही. पडलेल्या सूर्यप्रकाशाचा तीन चतुर्थांश भाग हे ढग परत फेकतात, म्हणून ती चांदणी इतकी लखलखते. ढग गंधकाम्लाचे. खाली तापमान साधारण ४६५ अंश, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ हे यान १९८२ साली तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. त्याची तेव्हा मोठी वाहवा झाली. आमच्याकडं वैशाखात दुपारी एसटीची वाट बघत उभ्या राहणाऱ्यांची कुणी करत नाही.

खरी गंमत पुढं आहे. या ढगांतून गंधकाम्लाचा पाऊस पडतो, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. वरच्या वर वाफ होऊन परत जातो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ढग बारा महिने, वर गडगडाटाचा संशय, आणि जमिनीला थेंब नाही! हा ग्रह आपल्याच तालुक्यातला आहे. कवठे महांकाळ, जत, आटपाडी ही नावं अवर्षणप्रवण यादीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शुक्राचं नाव त्या यादीत नाही, याला कारण एकच, तिथून कुणी निवेदन घेऊन आलं नाही.

मृगापासून आमच्यावर ढगांची रीघ लागते. सह्याद्रीवर ते मोकळे होतात, सातारा-कोल्हापूरला झोडपतात आणि आमच्यापर्यंत येतात ते नुसते नावाला. पाऊस पडायला अपुरे आणि शुक्र झाकायला पुरेसे. एरवी अख्खा तालुका आभाळाकडं आशेनं बघतो. ढगाला मनापासून शिव्या घालणारे इथं दोनच वर्ग. एक मी आणि दुसरे द्राक्षबागायतदार. छाटणी झाली, फुलोरा आला आणि आभाळ भरलं की डाऊनी रोगाच्या भीतीनं बागायतदाराची झोप उडते, पहाटे ब्लोअर सुरू होतात. मोबाइलवर उपग्रहाचं ढगांचं चित्र माझ्याइतकंच तन्मयतेनं बघणारा दुसरा माणूस भेटला की मी ओळखतो, याची दोन-चार एकर सोनाका द्राक्षं असणार. सुरुवातीला मला वाटायचं, हेही आकाशनिरीक्षक आहेत. आहेतही, पण त्यांच्या निरीक्षणावर सोसायटीचं कर्ज आहे.

असेच एक बागायतदार अण्णा. त्यांची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षाचा हंगाम बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमधल्या जाळ्यांवर मजल्यामजल्यानं पसरायचे, वारा आणि कोरडी हवा आपलं काम करते, आणि मग रंगासाठी गंधकाची धुरी द्यायची. गंधक पेटलं की जो वायू निघतो तो सल्फर डाय-ऑक्साइड. नाकात शिरला की माणूस पूर्वजांची नावं घेतो. शुक्राच्या हवेत हाच वायू आहे. त्याच्यावर ऊन पडतं, पाण्याच्या वाफेशी गाठ पडते आणि त्याचं गंधकाम्ल होतं, त्याचेच ते ढग. हे मी अण्णांना स्लॅबवर समजावून सांगितलं.

“म्हंजी वरबी धुरी देत्यात म्हना.”

“कायमची चालू आहे अण्णा.”

“कायमची? मग माल जळून जाईल की सर!” अण्णांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. “पर रंग झकास आलाय. पिवळसर.”

शुक्राचा रंग खरोखरच किंचित पिवळसर आहे. पुण्या-मुंबईच्या भल्याभल्या हौशी लोकांना तो नुसता पांढरा दिसतो. बेदाण्याच्या सौद्यात मूठभर माल तळहातावर घेऊन दर ठरवणाऱ्या डोळ्याला मात्र तो तेवढ्यातही दिसला.

आता काचांकडं येतो. सव्वा इंची फिल्टर असतात, आटे असलेल्या कडीत बसवलेले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. प्रत्येकावर आकडा कोरलेला. पंचवीस नंबर लाल, अठ्ठावन्न हिरवा, सत्तेचाळीस जांभळा. नेत्रिकेच्या मागं फिरवून बसवायचे. गल्लीतली पोरं या डबीवर जीव टाकतात. लाल लावला की लाल शुक्र, हिरवा लावला की हिरवा शुक्र. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही वस्तूचा रंग कळला की दुसरा प्रश्न आपोआप येतो. एका पोरानं विचारलंच, “सर, ह्यो नेमका कुनाच्या गटाचा?” मी म्हटलं, “काच बदलेल तसा बदलतो.” पोरगं समजूतदारपणे हसलं. घरात ग्रामपंचायतीचं वातावरण असावं.

डोळ्यानं बघायला या काचांचा शुक्रावर फारसा उपयोग नाही. चमक जरा कमी होते, अर्धी चकती रेखीव दिसते, इतकंच. लाल काचेतून तर शुक्र पहिल्यापेक्षा कोरा. खरं काम आहे ते जांभळ्या काचेचं. हा सत्तेचाळीस नंबर आलेल्या प्रकाशाचे शंभरातले तीन भाग डोळ्याला देतो, बाकीचे स्वतःकडं ठेवतो. (तात्या: “लई परामानिक हाय.”) पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्या प्रकाशात शुक्राच्या ढगांवर डाग दिसतात. काळपट पट्टे, कधी आडवे, कधी आडव्या पडलेल्या वाय अक्षराच्या आकाराचे. फ्रँक रॉस या खगोलवैज्ञानिकानं १९२७ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मोठ्या दुर्बिणींतून असे फोटो घेतले, तेव्हापासून हे डाग सर्वांना माहीत आहेत. ते कशाचे आहेत याचा पक्का निकाल जवळजवळ शंभर वर्षं होत आली तरी लागलेला नाही. ढगातलं काहीतरी अतिनील प्रकाश गिळतं. गंधकाच्या कुठल्या तरी संयुगावर बऱ्याच जणांचा संशय आहे. अण्णांना मी लॅपटॉपवर हे डाग दाखवले, तर त्यांनी एका दमात सांगितलं, “धुरी सारखी बसली न्हाय की असंच हुतंय.” शास्त्रज्ञांच्या संशयापासून हे मत फार लांब नाही, आणि अण्णांनी त्यासाठी अनुदान मागितलं नाही.

खास शुक्रासाठी बनवलेला अतिनील फिल्टरही मिळतो. अंगठ्याच्या पेरात मावेल एवढी काच आणि किंमत दुर्बिणीशी बरोबरी करणारी. एका दुकानदारानं मला फोनवर सांगितलं, “सर, यातून डोळ्यांना काहीच दिसत नाही, एवढा प्युअर आहे.” काहीच न दिसणाऱ्या काचेला एवढे पैसे मोजल्याचं घरी कसं सांगायचं, या विचारात मी सत्तेचाळीस नंबरवरच भागवतो. त्याला एक खोड आहे. जांभळ्याबरोबर तो अवरक्त प्रकाशही चोरून आत सोडतो, आणि अवरक्तात शुक्र जवळपास कोरा असल्यामुळे डाग धुऊन जातात. म्हणून त्याच्यावर पाळत ठेवायला अवरक्त अडवणारी दुसरी काच लावावी लागते. एकावर एक तपासनीस नेमायची ही पद्धत मला शाळेतल्या पोषण आहारामुळं चांगली परिचयाची आहे.

या काचांच्या भानगडीत एक माणूस मला फार जवळचा वाटतो. शार्ल बॉयर त्याचं नाव. फ्रेंच न्यायाधीश, नेमणूक आफ्रिकेत ब्राझाव्हिलला. हौस ताऱ्यांची, दुर्बीण घरी बनवलेली, आरसा दहा इंचाच्या आसपास. त्याचा मित्र आंरी कामिशेल हा फ्रान्समध्ये पिक द्यु मिदीच्या वेधशाळेत होता. मित्राच्या सांगण्यावरून बॉयरनं १९५७ साली जांभळा फिल्टर लावून शुक्राचे फोटो काढायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की तोच काळा डाग चार दिवसांनी परत समोर येतो. म्हणजे शुक्राचे ढग चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतात. तीच बाब ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर येते हे न्यायाधीशाशिवाय कुणाच्या लक्षात येणार? आमच्या कोर्टात चार दिवसांची तारीख मिळत नाही, एवढाच काय तो फरक. विद्वानांनी नाकं मुरडली. पुढं रडारनं मोजल्यावर तर कळलं की खालचा ग्रह स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, आणि तेही उलट्या दिशेनं. मग वरचे ढग चार दिवसांत कसे? पण १९७४ च्या फेब्रुवारीत मरिनर-१० हे यान शुक्राजवळून गेलं, त्यानं अतिनील फोटो पाठवले आणि न्यायाधीशांचा निकाल वरच्या कोर्टात कायम झाला.

चार दिवसांत फेरी म्हणजे ढगांच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेलं आणि अरुण दाते यांनी गायलेलं शुक्रताऱ्याचं आणि मंद वाऱ्याचं गाणं लागलं की मला हा आकडा आठवतो आणि रसभंग होतो. तिथल्या वाऱ्यात माणूस जागेवर राहायचा नाही. इथल्या वाऱ्यापुरतं मात्र कवीनं अचूक लिहिलंय. ग्रहांचे फोटो काढायचे तर इथली हवा मंदच हवी, नाही तर प्रतिमा उकळायला लागते. आणि मंद वारा आमच्याकडं नाही. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही गावच्या शोभेसाठी नव्हेत. कंपनीच्या माणसांनी हिंडून, मोजून, जिथं वारा थांबत नाही अशी जागा शोधली, आणि ती आमच्या तालुक्यात निघाली.

आता अंधाराचा दावा. शहरातले मित्र म्हणतात, तुमच्याकडं काय बुवा, अंधारच अंधार! खरं आहे. लाइट नेमानं जाते आणि आकाशगंगा नेमानं दिसते. पण शुक्राला अंधार लागतच नाही. तो पुण्यात लक्ष्मी रोडवरून, दिव्यांच्या झगमगाटातूनही दिसतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, आयुकात शाळकरी पोरांना दुर्बिणीचे आरसे घासायला शिकवलंय, आमच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ही आयुका उभारली. त्या मंडळींना शुक्रासाठी कवठे महांकाळला यायची काही गरज नाही. म्हणजे आमच्याजवळ आहे तो अंधार शुक्राला नको आणि त्याला हवा तो मंद वारा आमच्याजवळ नाही. या जमाखर्चावर आमचं दुकान चालू आहे.

शिवाय स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी वाफा सोडतो आणि दुर्बिणीसमोरची हवा थरथरते. शुक्र तर संध्याकाळी किंवा पहाटेच मिळणार, सूर्यापासून तो साधारण ४७ अंशांपलीकडं कधी जातच नाही. यावर जाणकारांनी सांगितलेला उपाय असा की निरीक्षणाआधी भोवतालची जमीन ओली करावी. पुस्तकात हे एका ओळीत आहे. कवठे महांकाळात एप्रिल महिन्यात, टाकीचा खडखडाट झालेला असताना, स्लॅबवर पाणी ओतायला लागलात तर काय होतं ते पुस्तकात नाही. मी दोन बादल्या वर नेल्या. पहिली ओतली. पाणी स्लॅबवर पडताना चर्रर्र आवाज आला आणि तो आवाज खाली स्वयंपाकघरात आईला ऐकू गेला.

“काय रं, काय वततुयास?”

“पाणी. स्लॅब गार करतोय.”

“कुनासाठी?”

याला मी शुक्रासाठी असं उत्तर दिलं. आई जिन्याच्या निम्म्यापर्यंत आली. तिनं टँकरच्या मागं हंडे घेऊन धावलेली वर्षं काढली आहेत, बहात्तरचा दुष्काळ खडी फोडताना बघितला आहे. ती म्हणाली, “कढीपत्त्याचं झाड वाळून चाललंय आन ह्यो स्लॅबाला पानी पाजतुया. त्यो शुक्र कढीपत्ता देनार हाय व्हय?” दुसरी बादली कढीपत्त्याला गेली. तेवढ्यात बायकोनं विचारलं की हॉलमधला टेबल फॅन कुठं आहे. तो दुर्बिणीच्या बुडाशी आरशाला वारा घालत होता, कारण आरसाही गार व्हावा लागतो. त्या संध्याकाळी आरसा सोडून घरातलं कुणीच गार झालं नाही.

फोटोची पद्धत ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. एक फोटो काढायचाच नसतो. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यात हजारो चौकटी येतात, मग संगणकाचा प्रोग्राम त्यातल्या हवा स्थिर असतानाच्या निवडक चौकटी उचलतो आणि एकावर एक रचतो. बाकीच्या जातात केराच्या टोपलीत. पण त्या दोन मिनिटांत शुक्र चौकटीत राहायला हवा, आणि पृथ्वी काही माझ्यासाठी थांबत नाही. माझी दुर्बीण हातानं ढकलायची, त्यामुळे ग्रह एका बाजूनं शिरतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दुसऱ्या बाजूनं पसार होतो. शुक्राची ती चकती आकारानं चंद्राच्या रुंदीचा पंचाहत्तरावा भाग. उजेडात लॅपटॉपवर काही दिसत नाही म्हणून डोक्यावर टॉवेल घ्यायचा, एका हातानं फोकस, दुसऱ्या हातानं नळी ढकलायची, आणि खालच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की अख्खा ग्रह नाचायला लागतो. साखर कारखान्याचा हंगाम चालू असेल तर शुक्राला थांबावं लागतं.

मग रंग. अवरक्तातला एक फोटो, जांभळ्या-अतिनीलमधला एक. कॅमेरा काळा-पांढरा, त्यामुळे दोन्ही राखाडी. अवरक्ताला लाल म्हणायचं, अतिनीलला निळा म्हणायचं, आणि मधला हिरवा काढलेलाच नसल्यामुळे या दोघांची सरासरी काढून तो तयार करायचा. जगभरचे हौशी लोक असंच करतात आणि ते उघडपणे सांगतातही. दोघांच्या संगनमतानं तिसरा उभा करायची ही रीत तालुक्यातल्या कुठल्याही निवडणुकीत चालून जाईल, तिथं फक्त सांगत नाहीत. एवढं झाल्यावर जो शुक्र तयार होतो तो सुंदर असतो हे मला मान्य करावंच लागेल. फिकट मलईच्या रंगावर निळसर-करडे पट्टे, कडेला ढगांची उजळ टोपी. कुठल्याही माणसाच्या डोळ्याला असा शुक्र आजवर दिसलेला नाही.

हा फोटो मी आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पहिला प्रतिसाद, “लिंबू छान आलंय, कुठल्या नर्सरीचं?” दुसरा, “कुणाचा एक्स-रे? लवकर बरे व्हा.” तिसऱ्यानं दोन हात जोडले. चौथ्यानं दिवंगत आत्म्यास शांती लाभो असं लिहिलं, कारण तिसऱ्यानं हात जोडले होते. पुढं श्रद्धांजलीचे तेवीस मेसेज पडले तेव्हा मी फोटो काढून टाकला.

शुक्राच्या नादी लागून मोठमोठे फसलेत, तिथं आमच्या बॅचचं काय? २०१२-१३ मध्ये लडाखला पँगाँग सरोवराजवळ आपल्या लष्कराला आकाशात संशयास्पद दिवे दिसायला लागले. चिनी ड्रोन समजून महिनोन्‌महिने नोंदी झाल्या, ३२९ वेळा. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जाऊन बघितलं तर एक गुरू निघाला आणि दुसरा शुक्र. क्षितिजाजवळ आला की शुक्र लाल-हिरवा-निळा लुकलुकतो, कारण खालची दाट हवा त्याचा प्रकाश फाकवते. आमच्या शिवारातही रात्री पाणी धरायला गेलेल्या एकाला तो मागं मागं येताना दिसला होता. त्यानं मोटर बंद करून घर गाठलं. लष्करानं निदान नोंद तरी ठेवली.

माझ्या दुर्बिणीकडं खऱ्या गरजेनं आलेला माणूस मात्र एकच, ओळखीतले एक मंगल कार्यालयवाले. २०२६ च्या ६ जानेवारीला शुक्र सूर्याच्या पलीकडं, बरोबर मागं होता. पंचांगाच्या भाषेत अस्त. शुक्राच्या अस्तात लग्नं करत नाहीत, फार झालं तर काढीव मुहूर्तावर भागवतात. पौष संपला तरी अस्त संपेना आणि कार्यालयाच्या वहीत पानं कोरी. ते सरळ स्लॅबवर आले.

“सर, हितनं दिसतोय का बघा की.”

“आत्ता कसा दिसेल? सूर्याच्या मागं आहे.”

“तुमच्या त्या जांभळ्या काचंतनं?”

“नाही दिसणार.”

त्यांनी खिशातून वही काढली. “मग असं करा. दिसला म्हनून लिहून द्या. शाळंच्या शिक्क्यावर. पावण्यांना दाखवतो.”

विज्ञानावर समाजाचा विश्वास नाही असं कोण म्हणतं? मी लिहून दिलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी फार बरं वाटलं. शुक्र आहे की नाही हे विचारायला गावातला कुणीतरी अखेर माझ्याकडं आला होता.

खर्चाच्या बाबतीतही आता मला मोठा आधार मिळालेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शुक्राकडं यान पाठवायला मंजुरी दिली. १२३६ कोटी रुपये, उड्डाण २०२८ च्या मार्चमध्ये अपेक्षित. ही बातमी मी कात्री लावून फ्रीजवर चिकटवली. बायकोनं वाचली आणि म्हणाली, “आता तेच जाणार आहेत ना? मग तुमचं विकून टाका.”

विकणार नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. २०२६ च्या १५ ऑगस्टच्या सुमाराला शुक्र संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त लांब जातो, दुर्बिणीत बरोबर अर्धा दिसतो. झेंडावंदन सकाळी उरकलेलं असेल, सुट्टी असेल, ढग असतीलच. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास या. भिंतीच्या सावलीत उभं राहा आणि मी सांगितल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका, कारण चुकून सूर्य त्यात आला तर शुक्राचार्यांचा उरलेला डोळाही जाईल. शनी मागू नका. ‘एवढंच?’ असं आईसमोर म्हणू नका. स्लॅबवर ओतायला पाण्याची एकेक कळशी आपापली घेऊन या, टँकरची चालेल. आणि हे सगळं ऑक्टोबरच्या मध्याच्या आत उरका. २४ ऑक्टोबरला शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो, त्यानंतर तो पहाटेचा होतो, आणि पहाटे मी कुणाला काही दाखवत नाही.